जमिनीखालचे फलाट

जगातली पहिली भुयारी प्रवासी रेल्वे १० जानेवारी १८६३ रोजी लंडनमध्ये धावू लागली. बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू होऊन तेव्हा पुरती दहा वर्षेही झाली नव्हती. पॅडिंग्टनपासून फॅरिंग्डन स्ट्रीटपर्यंत सुमारे सहा किलोमीटरचा मार्ग, त्यावर सात स्थानके आणि पहिल्याच दिवशी सुमारे ३८ हजार प्रवासी. माणसे आपल्या पायांनी पाताळात उतरतील का, अशी शंका आधी अनेकांना होती. माणसे उतरली. मात्र खाली त्यांना श्वास घेता यावा, वाट सापडावी, संकट आले तर वर येता यावे, ही सोय करता करता पुढची दीडशे वर्षे गेली. बोगदा खणण्याची विद्या त्या मानाने लवकर हाती आली. स्थानक कसे असावे, हा प्रश्न मात्र प्रत्येक शहराला नव्याने सोडवावा लागला.

लंडनमध्ये या कल्पनेचा ध्यास घेतला तो चार्ल्स पिअर्सन यांनी. ते लंडन सिटीच्या नगरसंस्थेचे वकील होते. बाहेरगावच्या गाड्यांना शहराच्या मध्यभागी येऊ देऊ नये, असे १८४६च्या शाही आयोगाने ठरवल्यामुळे पॅडिंग्टन, यूस्टन, किंग्ज क्रॉस ही मोठी स्थानके शहराच्या कडेला राहिली. तिथून आत जायचे तर घोडागाड्यांच्या गर्दीत तासन्‌तास अडकायचे. कोंदट वस्त्यांत राहणाऱ्या कामगारांना शहराबाहेर मोकळ्या हवेत घर घेता यावे आणि स्वस्त गाडीने कामावर येता यावे, यासाठी पिअर्सन झगडले. मार्ग सुरू होण्याच्या चारच महिने आधी, सप्टेंबर १८६२मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या गरिबांसाठी त्यांनी ही धडपड केली, त्यांच्यापैकीच हजारोंची घरे फ्लीट नदीच्या खोऱ्यात या कामासाठी पाडली गेली, ही त्या कामाची काळी बाजूही नोंदवायला हवी.

अभियंते होते जॉन फाउलर. रस्ता उकरायचा, दोन्ही बाजूंना विटांच्या भिंती बांधायच्या, वर कमान घालायची आणि रस्ता पुन्हा पूर्ववत करायचा, अशी त्यांची पद्धत. त्यामुळे ही स्थानके फार खोल नव्हती. गाड्या मात्र वाफेच्या इंजिनाच्या होत्या, आणि सगळी अडचण तिथेच होती. इंजिनातून सुटणारी वाफ पाण्याच्या टाकीत जिरवण्याची व्यवस्था केली होती, पण कोळशाच्या धुराचे काय करणार? बेकर स्ट्रीट स्थानकात त्यावरचा उपाय आजही पाहायला मिळतो. तिथल्या विटांच्या कमानीत दोन्ही बाजूंना ओळीने तिरके झरोके आहेत. त्यांतून वरचा उजेड फलाटावर येई आणि खालचा धूर वर जाई. १९८०च्या दशकात हे फलाट त्यांच्या मूळ रूपात आणले गेले. तरीही हवा वाईटच होती. १८९७ साली सरकारी समितीपुढे एका औषधविक्रेत्याने सांगितले की, भुयारात जीव घाबरा झालेल्या प्रवाशांसाठी तो खास औषध तयार ठेवतो.

यातून सुटका केली विजेने. जेम्स ग्रेटहेड या अभियंत्याने लोखंडी दंडगोलाचे, म्हणजे ‘शील्ड’चे तंत्र सुधारले होते. हा दंडगोल चिकणमातीत पुढे रेटायचा, त्याच्या आडोशाने मजुरांनी माती काढायची आणि मागे ओतीव लोखंडाच्या कड्या बसवत जायचे. रस्ता उकरायची गरजच उरली नाही. या पद्धतीने खणलेली सिटी अँड साउथ लंडन रेल्वे १८९०मध्ये सुरू झाली. खोल बोगद्यातून विजेवर चालणारी ही जगातली पहिली मोठी रेल्वे. धूर गेला, पण खोली वाढली. प्रवाशांना पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या लिफ्टने खाली न्यावे लागे. बाहेर बघण्यासारखे काही नाही म्हणून डब्यांना खिडक्यांच्या जागी वर बारीक फटी ठेवल्या होत्या. लोकांनी त्या डब्यांची तुलना वेड्यांच्या इस्पितळातल्या गादी ठोकलेल्या कोठड्यांशी केली. पुढच्या मार्गांवर खिडक्या आल्या. भिंत का होईना, माणसाला बाहेर काहीतरी दिसावे लागते, हे त्या डब्यांनी शिकवले. लंडनच्या भुयारी रेल्वेवरचा पहिला सरकता जिना १९११मध्ये अर्ल्स कोर्ट स्थानकात बसला आणि मग लिफ्टपुढच्या रांगा हळूहळू हटल्या.

मध्यंतरी इतर शहरेही कामाला लागली होती. इस्तंबूलमध्ये १८७५मध्ये काराकोय ते बेयोलू ही दोरखंडाने ओढली जाणारी छोटी भुयारी गाडी सुरू झाली; मार्ग जेमतेम ५७३ मीटरचा. बुडापेस्टने १८९६मध्ये, हंगेरियन राष्ट्राच्या सहस्राब्दीच्या सोहळ्यासाठी, आंद्राशी मार्गाखाली विजेची रेल्वे केली. रस्त्याच्या जरासे खाली असलेली, पोलादी खांबांची आणि पांढऱ्या टाइल्सची ती बुटकी स्थानके आजही वापरात आहेत आणि २००२पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत.

स्थानक सुंदर असावे, हा विचार खऱ्या अर्थाने रुजवला तो पॅरिसने. तिथली मेट्रो १९ जुलै १९०० रोजी, जागतिक प्रदर्शनाच्या वर्षी सुरू झाली. ती उभारणारे फ्युल्जांस बिअँव्हन्यू यांनी तरुणपणी रेल्वेच्या अपघातात डावा हात गमावला होता. त्यांनी स्थानकांसाठी लंबवर्तुळाकार कमान निवडली आणि ती वरपासून खालपर्यंत कडा उतरत्या केलेल्या पांढऱ्या टाइल्सनी मढवली. त्या काळचे दिवे मिणमिणते. प्रत्येक टाइल थोडा थोडा उजेड परावर्तित करी आणि त्यामुळे खोल तळघरही उजळलेले वाटे. प्रवेशद्वारांचे काम एक्तोर गिमार या वास्तुकारांकडे गेले. त्यांनी ओतीव लोखंडाला देठांचे, कळ्यांचे, पानांचे आकार दिले. सुरुवातीला यावर पुष्कळ टीका झाली आणि नंतर कित्येक प्रवेशद्वारे मोडीतही गेली. उरलेली आज राष्ट्रीय वारसा म्हणून जपली जातात. पोर्त दोफिन इथले काचेच्या छताचे प्रवेशद्वार मूळ जागी उभे आहे.

पॅरिसच्या चौथ्या मार्गाला सेन नदी ओलांडायची होती. काठावरच्या सँ-मिशेल भागात जमीन इतकी पाणथळ की खणताच ढासळायची. तिथे स्थानकाचे पोलादी सांगाडे जमिनीवर बांधून हळूहळू खाली उतरवले आणि काही भागात तर अतिथंड खारे पाणी नळ्यांतून खेळवून माती गोठवली, मग खणली. ९ जानेवारी १९१० रोजी हा टप्पा खुला झाला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सेन नदीला आलेल्या महापुराने पॅरिसची मेट्रो पाण्याखाली घातली.

न्यू यॉर्कचा मार्ग २७ ऑक्टोबर १९०४ रोजी २८ स्थानकांसह सुरू झाला. मुख्य अभियंते विल्यम बार्कले पार्सन्स यांनी युरोपातली कामे आधी पाहून घेतली होती. रस्त्यावरच्या प्रवेशद्वारांचे लोखंड-काचेचे मंडप तर सरळ बुडापेस्टवरून घेतले होते. जलद आणि धिम्या गाड्यांना वेगळे रूळ देणारे चार पदरी भुयार ही मात्र न्यू यॉर्कची स्वतःची देन. मुंबईच्या लोकलने जाणाऱ्याला तिचे महत्त्व वेगळे समजावून सांगायला नको. पहिल्या दिवशीचे मानाचे स्थानक होते सिटी हॉल. ग्वास्ताव्हिनो पद्धतीच्या टाइलच्या कमानी, रंगीत काचेचे झरोके, पितळी झुंबरे. पण फलाट आखूड आणि वळणावर. गाड्या लांब झाल्या, दरवाजे आणि फलाट यांच्यात धोकादायक फट पडू लागली आणि ३१ डिसेंबर १९४५ रोजी ते बंद झाले. वळसा घेऊन परतणाऱ्या गाड्या आजही त्या रिकाम्या फलाटाजवळून जातात. पुढच्या काळातली वाढ धरून न चालल्याने एवढे देखणे स्थानक हातचे गेले.

जमिनीखाली सूर्य नाही, झाड नाही, ओळखीचे दुकान नाही. मग आपण नेमके कुठे आहोत हे प्रवाशाने कसे ओळखावे? या प्रश्नावरची उत्तरे हा या इतिहासातला सर्वांत लोभस भाग. न्यू यॉर्कमध्ये नुकतेच बोटीतून उतरलेले, इंग्रजी न वाचणारे लोक लाखांनी होते. तिथे स्थानकांच्या भिंतींवर चित्रे आली. ॲस्टर प्लेसला बीव्हर हा प्राणी, कारण ॲस्टर घराण्याची संपत्ती फरच्या व्यापारातली. कोलंबस सर्कलला कोलंबसचे गलबत. लंडनमध्ये लेस्ली ग्रीन यांनी १९०६-०७च्या सुमारास तीन नव्या मार्गांच्या स्थानकांना बाहेरून गडद लाल चकचकीत टाइल्स लावल्या आणि आत प्रत्येक फलाटावर टाइल्सची नक्षी व रंग वेगळे ठेवले. नाव वाचले नाही तरी रंगावरून स्थानक कळावे. एवढे काम उरकून ग्रीन १९०८मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी गेले. बर्लिनमध्ये आल्फ्रेड ग्रेनांडर यांनी एका मार्गावरच्या लागोपाठच्या स्थानकांना ठरावीक क्रमाने बदलणारे रंग दिले.

लंडनचे पुढचे भाग्य असे की, त्या शहराला फ्रँक पिक यांच्यासारखा चोखंदळ कारभारी लाभला. फलाटावरच्या प्रत्येक अक्षराची त्यांना काळजी होती. त्यांच्या आग्रहावरून एडवर्ड जॉन्स्टन यांनी १९१६मध्ये घडवलेले टपोरे, स्वच्छ अक्षर शतकानंतरही तिथल्या पाट्यांवर आहे. हॅरी बेक या आरेखकाने १९३१मध्ये मार्गांचा नकाशा नव्याने काढला. खऱ्या अंतरांचा नाद सोडून त्याने सगळे मार्ग आडव्या, उभ्या आणि तिरक्या सरळ रेषांत बसवले. भुयारात बसलेल्याला दोन स्थानकांतले अंतर नको असते. गाडी कुठे बदलायची ते हवे असते. १९३३मध्ये हा नकाशा छापून लोकांच्या हाती पडला आणि जगभरच्या मेट्रोंनी तीच रीत उचलली. मेक्सिको सिटीने १९६९मध्ये प्रत्येक स्थानकाला लान्स वायमन यांच्या कल्पनेतून स्वतंत्र चित्रखूण दिली. तिथल्या पिनो सुआरेझ स्थानकाच्या खोदकामात ॲझ्टेक लोकांचे छोटे गोल मंदिर सापडले. ते जागच्या जागी ठेवून स्थानक त्याच्या भोवती बांधले.

मॉस्कोची मेट्रो १५ मे १९३५ रोजी १३ स्थानकांसह सुरू झाली आणि स्थानकाच्या कल्पनेलाच वेगळे वळण लागले. नव्या सोव्हिएत राजवटीला श्रमिकांसाठी महाल बांधायचे होते, आणि तिने ते जमिनीखाली बांधले. संगमरवर, कांस्य, झुंबरे यांची लयलूट झाली. त्यामागे सत्तेचा प्रचार होता हे उघड आहे. तरीही अलेक्सेई दुश्किन यांच्या मायाकोव्स्काया स्थानकापुढे मान तुकवावी लागते. १९३८मध्ये उघडलेले हे स्थानक ३३ मीटर खोल आहे. इतक्या खोलीवरच्या मातीचा भार पेलायला एरवी जाडजूड खांब लागतात. दुश्किन यांनी पोलादी सांगाडा वापरून सडपातळ खांबांवर कमानी तोलल्या आणि छतात अंडाकृती घुमट्या ठेवल्या. प्रत्येक घुमटीत अलेक्सांद्र देइनेका यांचे मोझॅइक आहे. विषय, सोव्हिएत आकाशातला एक दिवस: विमाने, छत्रीधारी सैनिक, फुललेली डहाळी. मान वर करून पाहिले की डोक्यावर आकाश आहे असे वाटते. खोलीची भीती घालवण्याचा याहून देखणा उपाय दुसऱ्या शहरात क्वचितच सापडेल. याच स्थानकात ६ नोव्हेंबर १९४१ रोजी, जर्मन फौजा शहराच्या वेशीकडे सरकत असताना, स्टॅलिनची सभा झाली. १९५५मध्ये ख्रुश्चेव्ह यांच्या काळात बांधकामातल्या उधळपट्टीवर बंदी आली आणि नंतरची स्थानके एकसारखी, साधी झाली. लंडनच्या अभियंत्यांनी मॉस्कोला सल्ला दिला होता. परतफेड म्हणावी तसे लंडनचे गँट्स हिल स्थानक मॉस्कोच्या धर्तीवर कमानदार दालनाचे झाले.

युद्धाने स्थानकांना न मागितलेले काम दिले. सप्टेंबर १९४०मध्ये लंडनवर बॉम्बवर्षाव सुरू झाला तेव्हा भुयारी स्थानकांचा आसरा लोकांना देऊ नये, असे सरकारचे मत होते. लोकांनी स्वस्तातले तिकीट काढले, खाली गेले आणि वर आलेच नाहीत. सरकारला नमते घ्यावे लागले. २७ सप्टेंबरच्या रात्री १ लाख ७७ हजार माणसे फलाटांवर झोपल्याची नोंद आहे. मग खाटा आल्या, स्वच्छतागृहे आली, चहा-फराळाची सोय झाली. शिल्पकार हेन्री मूर यांनी तिथे पाहिलेल्या, पांघरुणात गुरफटलेल्या माणसांच्या रांगा कागदावर उतरवल्या. पण हा आसरा पुरता सुरक्षित नव्हता. बॅलम स्थानकावर १४ ऑक्टोबर १९४० रोजी बॉम्बने रस्ता फुटला, जलवाहिन्या फुटून पाणी आत शिरले आणि साठहून अधिक माणसे दगावली. ३ मार्च १९४३च्या रात्री बेथनल ग्रीनला तर बॉम्ब पडलाच नाही. अंधाऱ्या, ओल्या जिन्यावर कुणी अडखळले, मागून लोंढा येत राहिला आणि १७३ जण चेंगरून मेले. त्यांत ६२ मुले होती. जिन्याच्या मध्यभागी कठडा नव्हता. २०२२मध्ये कीव्ह आणि खार्किव्ह इथल्या स्थानकांत पुन्हा कुटुंबेच्या कुटुंबे राहायला आली. त्यांतले कीव्हचे आर्सेनाल्ना हे १०५.५ मीटर खोलीचे स्थानक १९६०चे आहे.

बर्लिनची स्थानके युद्धानंतरच्या राजकारणाने मारली. ऑगस्ट १९६१मध्ये भिंत उभी राहिली, तेव्हा पश्चिम बर्लिनचे काही मार्ग पूर्व बर्लिनच्या खालून जात होते. गाड्या जात राहिल्या, पण थांबेनाशा झाल्या. अंधुक फलाटांवर फक्त पहारेकरी असत. अठ्ठावीस वर्षांनी, ११ नोव्हेंबर १९८९ रोजी, भिंत कोसळल्यावर दोनच दिवसांत यानोवित्सब्रुके स्थानकाचे दरवाजे पुन्हा उघडले.

आगीने मात्र सर्वांत कठोर धडे दिले. १० ऑगस्ट १९०३ रोजी पॅरिसमध्ये रिकाम्या केलेल्या लाकडी गाडीने पेट घेतला. मागची गाडी कुरोन स्थानकात थांबवून प्रवाशांना बाहेर पडायला सांगितले, तर काहीजण तिकिटाचे पैसे परत मागत फलाटावरच अडून बसले. तेवढ्यात धूर आला, दिवे गेले, आणि अंधारात गर्दी नेमकी जिथे वाट नव्हती त्या टोकाला धावली. ८४ माणसे गेली. त्यानंतर दिव्यांची वीज गाडीच्या विजेपासून वेगळी केली गेली आणि बाहेर जाण्याच्या वाटेवर उजळ पाट्या लागल्या. आज जगातल्या प्रत्येक भुयारी स्थानकात दिसणाऱ्या त्या पाट्यांची किंमत अशी मोजली गेली आहे. लंडनच्या किंग्ज क्रॉसवर १८ नोव्हेंबर १९८७ रोजी लाकडी सरकत्या जिन्याखालच्या कचऱ्यात पेटती काडी पडली. ज्वाळा जिन्याच्या तिरक्या खोबणीला चिकटून वर चढत गेल्या आणि क्षणार्धात तिकीटघर भडकले. ३१ बळी गेले. असा अग्निझोत उठतो हे त्या चौकशीपूर्वी नीट उमगलेले नव्हते. दक्षिण कोरियातल्या देगूमध्ये २००३ साली एका माणसाने गाडीत लावलेल्या आगीत १९२ माणसे मेली.

आशियातला पहिला भुयारी मार्ग ३० डिसेंबर १९२७ रोजी टोकियोत उएनो ते आसाकुसा असा २.२ किलोमीटर सुरू झाला. भारतात कोलकात्यासाठी अशा रेल्वेचा आराखडा लंडनचे अभियंते हार्ली डॅलरिम्पल-हे यांनी १९२१मध्येच मांडला होता. प्रत्यक्षात पायाभरणी २९ डिसेंबर १९७२ रोजी झाली आणि एस्प्लनेड ते भवानीपूर या ३.४ किलोमीटरच्या मार्गावर पहिली गाडी २४ ऑक्टोबर १९८४ रोजी धावली. गंगेच्या गाळाची मऊ माती, हातभर खाली पाणी, आणि वर्षानुवर्षे उकरून ठेवलेले रस्ते. कोलकात्याने ते सोसले आणि आपली स्थानकेही आपल्या पद्धतीने सजवली. रवींद्र सदन स्थानकाच्या भिंतींवर टागोरांच्या हस्तलिखितांतली रेखाटने आहेत. मार्च २०२४मध्ये कोलकात्याचीच गाडी हुगळी नदीच्या पात्राखालून हावड्याला पोहोचली. दिल्लीचा पहिला भुयारी टप्पा डिसेंबर २००४मध्ये खुला झाला. पुढच्या वर्षी जुन्या दिल्लीच्या दाट बाजारपेठेखाली चावडी बाजार स्थानक उघडले.

महाराष्ट्राला हे दालन उशिरा उघडले, पण उघडले ते जोमाने. मुंबईच्या मेट्रो-३चा आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा टप्पा ऑक्टोबर २०२४मध्ये आणि आचार्य अत्रे चौक ते कफ परेड हा शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२५मध्ये सुरू झाला. एकूण ३३.५ किलोमीटर आणि २७ स्थानके. आरे सोडून सगळी भुयारी. लंडनला चिकणमाती मिळाली, मुंबईला काळा पाषाण. गिरगाव आणि काळबादेवीच्या अरुंद रस्त्यांखाली स्थानकाएवढा खड्डा घेणे शक्यच नव्हते. तिथे फलाट बोगद्यासारखे आतून कोरून काढावे लागले आणि वरच्या जुन्या चाळींतल्या रहिवाशांना हलवावे लागले. फ्लीट खोऱ्यातल्या लोकांपेक्षा त्यांच्या वाट्याला एक गोष्ट बरी आली: त्याच भागात पुनर्वसनाच्या इमारती उभारण्याचे ठरले. मुंबई सेंट्रलजवळच्या स्थानकाला जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव दिले गेले, हे उचितच झाले. भारतातल्या पहिल्या प्रवासी रेल्वेच्या उभारणीत ते अग्रभागी होते.

पुण्यात जिल्हा न्यायालयाचे भुयारी स्थानक सुमारे ३३ मीटर खोल आहे, म्हणजे जवळजवळ मायाकोव्स्कायाइतके. त्याचे छत उंच ठेवून सूर्यप्रकाश थेट खाली येईल अशी रचना केली आहे. बेकर स्ट्रीटच्या झरोक्यांमागची गरज दीडशे वर्षांनंतरही तीच आहे. जिल्हा न्यायालयापासून कसबा पेठ आणि मंडईखालून स्वारगेटला जाणारा भुयारी मार्ग सप्टेंबर २०२४मध्ये खुला झाला.

मुंबईपुढचा खरा प्रश्न पावसाचा आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. २६ मे २०२५ रोजी आचार्य अत्रे चौक स्थानकात बांधकाम चालू असलेल्या प्रवेशद्वारातून पाणी शिरले आणि तिथली सेवा थांबवावी लागली. हे दुखणे एकट्या मुंबईचे नाही. न्यू यॉर्कचे साउथ फेरी हे २००९मध्ये नव्याने बांधलेले स्थानक २०१२च्या सँडी वादळात समुद्राच्या पाण्याने भरले आणि पुन्हा उघडायला २०१७ उजाडले. प्रवेशद्वाराची पायरी रस्त्यापेक्षा किती उंच आहे, पुराचे दरवाजे आहेत का आणि ते वेळेत बंद होतात का, यावर किनाऱ्यावरच्या शहरातले स्थानक तरते किंवा बुडते.

दुसरा प्रश्न गर्दीचा. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर पावसात अडकलेल्या गर्दीत २३ जण चेंगरून मेले. तो पूल जमिनीवर होता. तरीही बेथनल ग्रीनच्या जिन्याशी त्याचे नाते स्पष्ट आहे. नव्या भुयारी स्थानकांत फलाटाला काचेचे दरवाजे आहेत, धूर खेचणारे पंखे आहेत, प्रत्येक बाजूला एकाहून अधिक जिने आहेत. ही सगळी सोय जुन्या शहरांतल्या मृत्यूंनी मिळवून दिलेली आहे आणि ती वापरता येणे प्रवाशाच्या हाती आहे. रोज मेट्रोने जाणाऱ्या वाचकांनी आपल्या स्थानकातून वर येण्याचा दुसरा जिना कुठे आहे, तो एकदा चालून पाहावा आणि घरच्या मुलांनाही दाखवून ठेवावा.